पिवळा चेंडू

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या आईला नाही, तुमच्या आजोबांना नाही. ते आजारी असताना मी कितीतरी दुपारी त्यांच्या उशाशी बसून होते. घरात कोणी नव्हतं, बोलायला वेळच वेळ होता. मी त्यांना पेपर वाचून दाखवला.

सोहम, मागे तू एक फोटो पाठवलास. मोठी काच, काचेपलीकडे ओला रस्ता, टेबलावर लॅपटॉप आणि शेजारी फेसाळ कॉफी. खाली लिहिलं होतंस, ‘आजी, हे माझं ऑफिस. तुला गंमत वाटेल.’ सई, तू त्यावर हसरे चेहरे टाकलेस. इथे महाडात दुपार होती. बाजारपेठ जेवून पेंगत होती, माझा भातही झाकून ठेवलेला होता. मी चष्मा पुसला आणि तो फोटो पाहत राहिले — किती वेळ, कोण जाणे. मला गंमत नाही वाटली. मला ते टेबल ओळखीचं वाटलं. तुम्हाला तरी कसं ठाऊक असणार, की असं ऑफिस कधीकाळी मलाही होतं?

सोहम, तू नुकताच रांगायला लागला होतास. तुमची आई पुन्हा नोकरीवर रुजू व्हायची होती, आणि मी शाळेतून निवृत्त झाले होते. तिचा मुलुंडहून फोन आला. म्हणाली, “आई, मला त्याला पाळणाघरात नाही ठेवायचं. परक्या बाईच्या हातात नाही द्यायचं. तू येशील?” मी आजोबांच्या डब्याची सोय केली, लोणच्याच्या बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि गेले. ती कामावर निर्धास्त जायची. ऑफिसात सगळ्यांना सांगायची, माझी आई आहे घरी. ‘माझी आई आहे’ हे ती कशी म्हणायची, ते मला अजून ऐकू येतं.

आणि त्याच दिवसांत मला काम मिळालं. माझा एक जुना विद्यार्थी अशा एका कचेरीत होता, जिथे परदेशातली पुस्तकं छपाईआधी तपासायला येत. तो म्हणाला, “बाई, तुमच्या लाल पेनाला आम्ही सगळे घाबरायचो. आता साहेबलोकांना घाबरू दे.” मजकूर ईमेलवर यायचा, दुरुस्त करून ईमेलवरच पाठवायचा. तुझ्या बाबांचा जुना लॅपटॉप घरी पडून होता — पाट्यासारखा जड. मी शिकले. साहेबांचं इंग्रजी महाडची मास्तरीण दुरुस्त करणार, याची मला केवढी ऐट वाटली म्हणून सांगू!

पण घरी बसून ते होईना. तू झोपलास की फोनची लाइन जायची, लाइन आली की तू उठायचास. कोपऱ्यावर एक कॅफे नवीन उघडलं होतं. दारावर लिहिलं होतं, इथे वायफाय आहे. मी एका दुपारी फक्त तासाभरासाठी गेले — एक प्रकरण पाठवायचं राहिलं होतं म्हणून.

त्या तासात तू कुठे होतास? तिथे मी येतेच आहे. मला जरा सावकाश येऊ द्या.

आधी ते टेबल सांगते. खांबाला लागून होतं, कारण प्लग तेवढाच तिथे होता. आत इतकं गार असायचं, की मी पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यायची. काचेबाहेर रिक्षा, माणसं, कुत्री, सगळं जायचं, पण आवाज नाही — पाण्याखाली बसून वरचं जग पाहावं तसं. मी वाचायची ती पुस्तकंही तशीच. एक दीपगृहात वाढलेल्या बाईचं होतं. एक सफरचंदांच्या बागेचं. एकात पानंच्या पानं नुसता बर्फ पडत होता, आणि मी त्या बर्फात स्वल्पविराम ठेवत जायची. मान वर केली की मुलुंडचं ऊन दिसायचं आणि क्षणभर कळायचं नाही, आपण आहोत कुठे. शेजारच्या टेबलांवर तरुण मुलंमुली आपापले लॅपटॉप उघडून बसलेली असत. त्यांतल्या कोणालाही मी बाई नव्हते, आई नव्हते, आजी नव्हते. पोऱ्या कॉफी ठेवून ‘मॅडम’ म्हणायचा आणि निघून जायचा. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी काही विचारत नव्हतं.

मी सुखात होते. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली — की मी तिथे सुखात होते, आणि त्या सुखात तू नव्हतास.

तू सुमनकडे होतास.

आमच्या सोसायटीच्या मागे बैठ्या खोल्यांची एक रांग होती. एकदा फाटकाशी भाजीवाल्याशी भांडणारा आवाज ऐकला — “एवढ्याशा जुडीचं एवढं? नाय गो बाय, मी काय मुंबईत काल नाय आले!” भाजीवाला बाप्या होता, पण तिच्या तोंडात ‘गो बाय’च बसलेलं. मी हसले. विचारलं, कुठल्या तुम्ही? “पोलादपूरच्या वर, कुडपण.” मी महाडची म्हटल्यावर ती एकदम फुललीच. नवरा धान्याच्या बाजारात गोणी उचलायचा. एक मुलगा होता, तुझ्याहून थोडा मोठा. तो कुडपणला, सासूपाशी. इथल्या खोलीत त्याला खोकला सुटायचा नाही, म्हणून. त्याच्याबद्दल बोलताना ती हातातलं काम भरभर करायला लागायची.

त्या पहिल्या तासासाठी मी तुला तिच्याकडे दिलं. ती म्हणाली, “तुमी जावा बाई निवांत. पोरगं काय मला जड नाय.” तासाचे दोन तास झाले, मग अख्खी दुपार. तुमची आई सकाळी गेली की मी घर आवरायची, तुला न्हाऊमाखू घालायची, आणि तुझी पिशवी भरून मागच्या फाटकाने तुला सुमनकडे पोचवायची. संध्याकाळी आई यायच्या आत तू घरी, पावडर लावून, माझ्या मांडीवर. मी व्यवस्थित बाई आहे, हे तुम्ही सगळे म्हणता. खोटंही मी व्यवस्थितच बोलत असे. आज काय खाल्लं, किती झोपला, कशाला हसला — सुमनला विचारून घ्यायची आणि रात्री जेवताना तुमच्या आईला माझं म्हणून सांगायची. महिन्याला सुमनच्या हातावर काही ठेवायची, आणि त्यात सगळं आलं असं स्वतःला समजवायची. आलं होतं का?

एका दुपारी मी तुला घ्यायला गेले, तर ती दारातच नाचत होती. “बाई, पोरगं चाललं! आज चाललं! गावावरनं नाचणी आलीय, ती पाखडत दारात बसले व्हते. हे तिकडनं उठलं, तुरूतुरू आलं सुपाकडं, बसलं फतकल मारून नी मूठ भरून नाचणी तोंडात! मी म्हनलं, अरे रामा, आता आजी कुठं हाय बघायला!” तुझ्या हनुवटीला लाल दाणे चिकटलेले होते. मी ते पुसले.

आजी कुठे होती? आजी बर्फात होती.

त्या रात्री मी तुमच्या आईला सांगितलं, की तो आज चालला. ती पर्स खांद्यावर तशीच ठेवून खाली बसली. “कसा? कुठून कुठे? सगळं सांग.” आता सूप कुठून आणू? नाचणी कुठून आणू? मी म्हटलं, सोफ्यापासून बाल्कनीच्या दारापर्यंत. कशाकडे गं? मी म्हटलं, चेंडूकडे. पिवळ्या. तो गडगडला, तसा हा मागोमाग गेला. ती रडली, आणि मला मिठी मारून म्हणाली, “बरं झालं तू होतीस. मी नाही तर नाही, तू तरी पाहिलंस.”

घरात पिवळा चेंडू नव्हता. दुसऱ्या दिवशी कॅफेत जाताना मी तो विकत घेतला.

सोहम, तुझ्या दर वाढदिवसाला ही गोष्ट सांगितली जाते. तुझे बाबा सोफा कुठे होता ते हाताने दाखवतात. तुमची आई तो चेंडू सामानात घालून थेट तिकडे परदेशात घेऊन गेली, आणि हवा गेलेला तो चेंडू अजून तुमच्या कपाटात आहे. सई, तू एकदा फोनवर मला म्हणालीस, “आजी, माझं पहिलं पाऊल कोणी पाहिलंच नाही, दादाचं तू पाहिलंस.” मी काय बोलले तेव्हा? म्हटलं, तू खूप लांब होतीस ना, बाळा.

इतकंच असतं, तर मी कदाचित एव्हाना हसत हसत सांगूनही टाकलं असतं. इतकंच नाही.

एका रविवारी तुमची आई आणि मी तुला घेऊन बाजारात गेलो. फुलवाल्यापाशी गर्दी होती. तू आईच्या कडेवर होतास. एकदम तू दोन्ही हात पुढे टाकून अशी झेप घेतलीस, की ती कोलमडलीच असती. समोर सुमन. “अगो बाय, माझा राजा!” म्हणून तिने हात पसरले, आणि तू — तू तिच्याकडे गेलाससुद्धा, तिच्या मानेत तोंड खुपसलंस. तुमच्या आईने तुला ओढून परत घेतलं. “अहो, काय करताय? हात नका लावू त्याला!” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “आई, ही कोण? तू ओळखतेस?”

मी सुमनकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत होती, हसूही अजून पुरतं गेलं नव्हतं. तिला वाटलं असेल, आता बाई सांगतील.

मी म्हणाले, “नाही गं. मुलं काय, कोणाकडेही झेपावतात.”

तिचे हात अजून तसेच पुढे होते. ते तिने हळूच पदरात घेतले. आणि तुमच्या आईला म्हणाली, “चुकलं ताई. माझं पोरगं गावाला हाय. तसंच वाटलं.”

मग ती गर्दीत गेली. तू तिच्या दिशेने रडत राहिलास. घरी येईपर्यंत आई म्हणत होती, कशी माणसं असतात.

सोमवारी मी तुला तिच्याकडे नेलं नाही. नंतरही कधी नाही. तोंड कुठे होतं मला? काम सोडत असल्याचं मी विद्यार्थ्याला कळवलं, डोळ्यांचं कारण दिलं. कॅफेसमोरून जाताना मी पलीकडच्या बाजूने जायची. पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागची रांग दिसायची. कितीतरी दुपारी सुमन दारात उभी असायची, आमच्या मागच्या फाटकाकडे पाहत. मी पडदा ओढून घ्यायची. तुलाही ती वेळ कळायची. तू दाराशी जाऊन दार वाजवायचास आणि रडायचास. तुमच्या आईला मी सांगितलं, दाढा येताहेत. तिने औषध आणलं. ते मी तुला पाजलं.

पुढे तुमच्या आईबाबांनी तिकडे जायचं ठरवलं, आणि मी महाडला परतले. सुमनला न भेटता.

एकदाच भेटली ती, त्यानंतर दोनेक वर्षांनी. उमरठला एक लग्न होतं, म्हणून मी पोलादपूरच्या एसटी स्टँडवर बसले होते. तीच आपणहून आली. नवऱ्याची पाठ गेली म्हणून ते कायमचे कुडपणला आले होते. शेजारी तिचा मुलगा, कमरेला लागेल एवढा झालेला. माझ्या मनात आलं, आता ही काही बोलेल. बोलू दे, ऐकून घेऊ. पण ती एवढंच म्हणाली, “पोरगं कसं हाय, बाई?”

मी म्हटलं, बरं आहे. परदेशात असतं आता. विमानाने जावं लागतं.

ती हसली. “लई लांब चालत गेलं म्हनायचं.”

मग जरा थांबून म्हणाली, “मला इसरलं असंल.”

लहान होता गं, मी म्हटलं. तेवढ्यात तिची गाडी लागली. ती मुलाला पुढे घालून चढली आणि खिडकीतून हात हलवला. मी हात वर केला की नाही, ते मला आठवत नाही. गाडी घाटाच्या वळणावर गेली, धूळ बसली, आणि मी उमरठच्या लग्नाला गेले. जेवलेसुद्धा.

तर सोहम, तू पहिल्यांदा चाललास ते मी पाहिलेलं नाही. सोफा नव्हता, बाल्कनी नव्हती, चेंडू मी दुसऱ्या दिवशी आणला. तू एका बैठ्या खोलीत उठून उभा राहिलास आणि दाराकडे गेलास, नाचणीच्या सुपाशी. सुपापाशी जी बसली होती, तिने ते पाहिलं आणि मला सांगितलं, आणि ते मी तिच्याकडून घेतलं. तिचं नाव सुमन. तिचं आडनाव मी कधी विचारलं नाही.