आबांच्या खोलीतले रंग

बारामतीत घर बांधलं तेव्हा मी ठरवूनच टाकलं होतं, एकही भिंत भडक नको. माझं लहानपण सणसरला निळ्या भिंतींच्या आणि पोपटी दारांच्या घरात गेलं होतं आणि त्या रंगांचा मला वीट आला होता. म्हणून इथं भिंती सायीच्या रंगाच्या, फरशी तशीच, पडदे तसेच, दारंसुद्धा भिंतीत मिसळून जाणारी. नवरा म्हणाला, "दुधाच्या डेअरीत राहतोय असं वाटतंय." मी लक्ष दिलं नाही. पाहुणे 'किती शांत वाटतं हो' म्हणायचे आणि मी फुगायचे.

मग माझे वडील, आबा, आमच्याकडे राहायला आले. आई गेल्यापासून ते गावी एकटेच होते आणि काचबिंदूनं त्यांची बरीचशी नजर नेली होती. गेलेली परत येत नाही, उरलेली जपायची, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी एकुलती एक. त्यांना घेऊन आले आणि घरातली सगळ्यात उजेडाची, सगळ्यात फिकी खोली त्यांना दिली.

पहिल्या आठवड्यातच माझी पाचावर धारण बसली. मी फिकट गाऊनमध्ये चहा घेऊन समोर उभी, आणि आबा माझ्या शेजारच्या भिंतीला विचारतायत, "पोरी, साखर कमी टाकलीस न्हवं?" मी "व्हय आबा" म्हणाले तेव्हा ते दचकले. मग एकदा ते पलंगावर बसायला गेले तर पलंग तिथं नव्हताच. चादर आणि फरशी एकाच रंगाची, त्यांना कडा दिसणार कशी? माकडहाडावर आपटले. हाड वाचलं, पण त्यानंतर ते उठायलाच तयार होईनात. आधी मेंढरांमागं आणि नंतर उसाच्या सऱ्यांमधून जन्मभर चाललेला माणूस पलंगाची कड धरून बसून राहायला लागला.

आम्ही दोघंही दिवसभर नोकरीवर. मी शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता थांबायचे. फोन वाजला की खडू टाकून धावायचे. या वयात खुबा मोडला की माणूस पुन्हा उभा राहत नाही, हे मी आमच्याच भावकीत पाहिलं होतं.

शेवटी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गडद हिरवी साडी नेसले की आबा थेट माझ्याकडे बघून बोलायचे. मग काय, ज्या रंगांना नाकं मुरडली होती तेच पिशव्या भरून घेऊन आले. पलंगावर हळदी चादर, खुर्चीवर हिरवी उशी, दाराच्या चौकटीला गडद निळा रंग, संडासाच्या दारावर लाल पडदा. पलंगापासून त्या पडद्यापर्यंत भिंतीवर, हात टेकेल इतक्या उंचीवर, गेरूच्या रंगाची एक पट्टी ओढून घेतली. "जत्रा भरली," नवरा म्हणाला. आबा मात्र पट्टीवर हात ठेवून उठले. "तांबडं दिसतंय की मला," म्हणाले, आणि आपले आपण पडद्यापर्यंत जाऊन आले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

खोलीला आता नूर आला होता आणि माझा हात थांबेना. आबांच्या ट्रंकेत आमच्याच मेंढरांच्या लोकरीचं काळंभोर घोंगडं होतं, ते मी पलंगाशेजारी अंथरलं. आम्हा धनगरांत घोंगडं अंथरतात ते बसायला नाहीतर देव मांडायला, त्यावरून ये-जा कुणी करत नाही. मला हे ठाऊक होतं. पण फरशी गार असते, आणि फिक्या फरशीवर ते काळं दिसत होतं इतकं सुंदर, की मी फोटोसुद्धा काढला. आबा तेव्हा झोपले होते. त्यांना न उठवताच मी शाळेत गेले.

त्या दिवशी अर्धीच शाळा होती. दुपारी परत आले तर आबा उशाकडच्या भिंतीला पाठ लावून, पाय पोटाशी घेऊन बसलेले. हळदी चादर ओली झाली होती. माझी चाहूल लागताच ओरडले, "थांब! तितंच थांब! फुडं इहीर हाय!"

"आबा, अवो, घरात कुठली इहीर?"

"काठ न्हाय तिला. त्वांड उघडं हाय. येऊ नगंस!"

डोळ्यांपाठोपाठ आता डोकंही चाललं की काय, या धास्तीनं मी सरळ त्यांच्याकडे धावले. घोंगड्यावर माझा पाय पडला आणि आबा किंचाळले. उठले, दोन्ही हात पुढे करून पलंगावरून माझ्या अंगावर झेपावले, आणि आम्ही दोघंही खाली आलो. माझं मनगट त्यांनी असं आवळलं होतं की हाताला मुंग्या आल्या.

मग त्यांचा दुसरा हात जमिनीवर फिरला. लोकर चाचपली.

"घोंगडं हाय ह्ये?"

"व्हय आबा. आपलंच."

"वाटंत कुनी घोंगडं टाकतं व्हय?" ते रागावले, आणि मग हळूच म्हणाले, "म्हनून तर ह्ये काळं मला इहीरच वाटली."

त्यांना कुठं लागलं नव्हतं, हे मी दहादा तपासलं. घोंगडं झटकून, घडी घालून कपाटात ठेवलं. चादर धुतली, आबांना आंघोळ घातली.

आता तिथं नुसती फरशी आहे. आबा पट्टीला धरून येतात, जातात, तब्येत ठीक आहे. भीती माझीच गेलेली नाही, फक्त तिची जागा बदलली. आबा पडतील म्हणून मी इतके दिवस घाबरत होते. पण त्या दुपारी आपण पडू या भीतीनं त्यांनी पलंगावरून खाली पाऊलही टाकलं नव्हतं, चादर ओली झाली तरी. माझा पाय विहिरीत पडतोय असं वाटलं तेव्हा मात्र त्यांनी मागचापुढचा विचार केला नाही. विहीर खरी असती तरी ते असेच झेपावले असते, आणि हे मनात आलं की मला अजूनही त्यांच्या जिवाची भीती वाटते.