पॅनेलखालची खारी

अक्का म्हणजे माझी थोरली आत्या. साक्रीजवळच्या गावात एकटी राहायची. पत्र्याच्या घरात उन्हाळाभर तिच्या अंगाची लाहीलाही व्हायची, म्हणून मला म्हणाली, "मातीचं घर बांधी दे, भाऊ. माले तठेच मरनं शे."

मी शहरात, देवपुरात बसून लोकांना असल्याच घरांचे नकाशे काढून देतो. तिच्या घरासाठी जीव ओतला. गावच्याच मातीच्या भिंती, वर मातीचं सपाट छत, म्हणजे धाबं, आणि धाब्यावर सोलरची पॅनेलं. ती अगदी धाब्यालगत, खाली जेमतेम हात जाईल एवढीच फट ठेवून बसवली, वाऱ्याने उडू नयेत म्हणून आणि, खरं सांगायचं तर, फोटोत बरी दिसावीत म्हणून. भिंती घालणारे म्हातारे गवंडी, आबा, म्हणाले, "यास्ना खाले खारी कशी टाकशी?" धाबं गळू नये म्हणून आमच्याकडे दर वर्षी पावसाआधी त्यावर खाऱ्या मातीचा नवा थर देतात. लहानपणी मी स्वतः त्या मातीची घमेली वाहिली आहेत. तरी म्हणालो, "आबा, वर पॅनेल असताना पाणी येईलच कुठून?" डोंबलाची अक्कल माझी.

पहिला पावसाळा निभावला. दुसऱ्या पावसाळ्यात मी दर आठवड्याला फोन करायचो. "बठ्ठं चांगलं शे," अक्का म्हणायची, आणि मी निर्धास्त. जाऊन बघावं असं काही सुचलं नाही. मग एका सकाळी तिच्या पलंगाकडची भिंत बसली. ती चुलीपाशी होती म्हणून वाचली. मुलाने तिला जळगावला आपल्या फ्लॅटमध्ये नेलं. मी म्हटलं, दिवाळीपर्यंत भिंत उभी करतो. दिवाळीआधीच अक्का गेली, तिथेच, तिसऱ्या मजल्यावर.

तेराव्यानंतर आबांना घेऊन पॅनेलं काढायला गेलो. पलंगाखाली सारून ठेवलेली तीन पातेली होती, तळाला गाळ बसलेली. म्हणजे कितीतरी दिवस गळत होतं. वर जाऊन पहिलं पॅनेल उचललं. कडेपासून हातभर आत खारी थापलेली होती, तिच्यावर बोटांचे ठसे. गुडघे धरून चालणारी बाई शिडी चढून, पालथी पडून, हात पोचेल तिथवर थापत गेली होती. त्यापुढे, पॅनेलांमधल्या फटींतून पाणी पडायचं तिथे, धाबं उघडंच होतं.

"शिडी मीच धरेल व्हती," आबा खाली बघत म्हणाले. "तिनी सांगं, भाऊले सांगू नको, त्याले वाईट वाटी."

मी तिथेच बसून रडलो. पॅनेलं कमरेइतकी उंच बसवली असती, तर अक्का तिच्या घरात मेली असती.