वसुधाला उजवायचं राहिलंय

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. ते पंख्यावरच्या धुळीसारखे बसत जातात. एक दिवस पुसायला गेलं की कळतं, केवढे साठलेत! मला रोज डायरी लिहायची सवय आहे. बंगळूरला येऊन यशवंतपूरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर झालो, तेव्हापासूनची. परवा जुन्या वह्या उघडल्या, तर पानामागून पान एकच ओळ: "आज कोणी आले नाही." मधली काही पानं मात्र काठोकाठ भरलेली. ती वसुधाची.

वसुधा म्हणजे आमच्या कादंबरीची नायिका. नव्वदनंतरची ती वर्षं. आम्ही चौघं मिळून एक प्रेमकथा लिहीत होतो. निवृत्त शिक्षक दामले सर, के. आर. पुरमला राहणारा पुण्याचा सॉफ्टवेअरवाला मंदार, मी आणि बनशंकरीच्या सुशीला अक्का. अक्कांचं घराणं कित्येक पिढ्या इथलंच. यजमान गेलेले, मुलगी परदेशात. ज्याची पाळी त्याने एक प्रकरण लिहायचं आणि रविवारी फाइल पुढच्याच्या घरी नेऊन हातात द्यायची. नियम दोनच. फाइल पोस्टाने पाठवायची नाही, आणि कॉफी घेतल्याशिवाय उठायचं नाही.

*

तिसऱ्या प्रकरणात दामले सरांनी वसुधाच्या आईला मारलं. चांगली दोन पानं रडारड करून. मंदारने मागचं काही वाचलं नाही आणि चौथ्या प्रकरणात तिलाच बेसनाचे लाडू वळायला बसवलं. सर भडकले. फाडून टाका म्हणाले.

अक्कांनी काही फाडलं नाही. समासात एक ओळ घातली: "ही मावशी. दिसायला अगदी तशीच."

तेव्हापासून मी वसुधाचं रजिस्टर ठेवलं. उंची, डोळ्यांचा रंग, हनुवटीवरचा तीळ, घरात कोण आहे, कोण गेलं. मंदार ते चाळून म्हणाला, "काका, खऱ्या मुलीकडे एवढं लक्ष दिलं असतंत तर आज मला एक काकू असती."

मी तेही डायरीत लिहून ठेवलं.

*

मंदारने एकदा वसुधाच्या टेबलावर कॉम्प्युटर आणला. नायक शेखर दूर कुठेतरी नोकरीला होता. तो आता त्यावरून पत्रं पाठवणार, क्षणात पोचणार, टपालखातं बंद! मंदार खूश होता.

अक्कांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "मशीनमध्ये पत्र आलं तर दार कोण वाजवणार रे?"

पुढच्या प्रकरणात पोस्टमन परत आला. त्यानंतर तर तो आमचा इतका लाडका झाला, की वसुधाकडे बसून डोसे खाऊन जाऊ लागला.

*

अक्कांच्या हाती फाइल गेली की वसुधाचं लग्न पुढे जायचं. एकदा मुहूर्त चुकला. एकदा कार्यालयाचं छप्पर उडालं. एकदा शेखर जिन्यावरून पडला, पाय मोडला. चार महिन्यांनी पुन्हा जिना, पुन्हा पाय.

दामले सर वैतागले. "अक्का, त्या पोराला पाय तरी किती आहेत हो?"

"दोनच. म्हणून तर जपून मोडते."

आम्ही हसलो. पण माझ्यानंतर अक्कांची पाळी, त्यामुळे बनशंकरीला फाइल नेण्याचं काम माझं. मी बेल वाजवायच्या आधीच दार उघडं असायचं. ओट्यावर दोन पेले धुऊन पालथे घातलेले. एकदा त्यांनी विचारलं, लग्न झाल्यावर फाइल कुठे जाणार? मी म्हणालो, कपाटात. त्यांनी माझा रिकामा पेला उचलला. मग म्हणाल्या, "अण्णा, स्वल्प कॉफी अजून घ्या."

मी घेतली. घरी तरी कोण वाट पाहत होतं!

*

मग मंदारला अमेरिकेची नोकरी लागली. दामले सर मुलाकडे नागपूरला निघाले. जाताना म्हणाले, आता वसुधाला उजवून टाकू, शेवटचं प्रकरण अक्का लिहितील. मी फाइल पोचवून आलो. त्यानंतरचे दोन रविवार डायरीत तीच जुनी ओळ आहे.

तिसऱ्या आठवड्यात कार्ड आलं. वरच्या कोपऱ्यांना हळदीकुंकू. "चि. सौ. कां. वसुधा हिच्या विवाहानिमित्त रविवारी दुपारी भोजनास अगत्य येणे."

मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. अक्कांनी जरीकाठाची साडी नेसली होती. चार केळीची पानं मांडली होती आणि चारही वाढली होती. मंदारचं विमान गुरुवारीच गेलं होतं. मी एका पानावर बसलो, अक्का माझ्यासमोर. उरलेल्या दोन पानांवरही त्यांनी पुन्हा तूप वाढलं.

जेवणं झाल्यावर त्यांनी प्रकरण वाचून दाखवलं. लग्न वेळेवर लागलं. शेखर स्वतःच्या दोन पायांवर चालत आला.

मग त्यांनी फाइल पाटावर ठेवली. यजमान गेल्यापासून अक्कांनी कोणाची ओटी भरली नव्हती. त्या दिवशी भरली. तांदूळ, खण, नारळ.

"अण्णा, तुम्ही कोणाकडचे?"

"वराकडचा," मी म्हणालो. दुसरं कोणी नव्हतंच.

"सरी, ठीक आहे. मग न्या मुलीला."

मी फाइल काखेत घेतली, नारळ पिशवीत टाकला, चपला घातल्या. अक्का चौकट धरून उभ्या होत्या. मी दोन पायऱ्या उतरलो आणि मागे वळलो.

"अक्का, लग्न झाल्यावर मुलगी माहेरी यायची असते. मांडवपरतणीला कधी आणू?"

त्या आत गेल्या. भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. त्यावर कुठलीच खूण नव्हती, मला माहीत होतं.

"येत्या रविवारी आणा," त्या बाहेर येऊन म्हणाल्या. "आणि जावयांना सांगा, आमचा जिना जपून चढा."