शांतवनच्या विहिरीचं पानी

बहात्तरच्या दुष्काळात घोडेगावजवळच्या ख्रिस्ती वस्तीची विहीर खोल करताना दरड कोसळली आन् शांतवन खाली दबून मेला. पाळकांनी प्रार्थना करून माती दिली. पुढं त्याच जागी पानी लागलं, पर कुनी पोहरा टाकंना. भर दुपारी आतून घणाचे ठोके यायचे. लोकं म्हनायची, शांतवन अजून दगड फोडतोय.

त्याच्या बायकोला, रूथला, बी ठोके ऐकू यायचे. तिनं ते कधी नाकारलं न्हाई.

एका दुपारी तिची पोरगी सुवार्ता तापानं फणफणली हुती, पानी मागत हुती. टँकर आलाच न्हाई. रूथ कळशी आन् पोहरा घेऊन निघाली.

शेजारची साळूबाई आडवी आली. "रूथे, आधी उतारा ठेव. जित्ता हुता तवर त्यो तुझा हुता. आता न्हाई."

"जित्ता हुता तवाबी कुठं माझं ऐकायचा," रूथ म्हनली. "सरक."

ती काठावर जाऊन उभी ऱ्हायली. आत ठक ठक चालूच. शांतवन गेल्यापासून तिनं देवाशी अबोला धरला हुता. आता डोळे मिटले.

"प्रभू, माझा राग अजून गेला न्हाई. पर संगं उभा ऱ्हा. एकटीनं व्हनार न्हाई."

ठोके थांबले न्हाईत. तिनं डोळे उघडले. तिनं पोहरा सोडला, कळशी भरली.

"आपल्या सुवार्तासाठी नेते," ती आत वाकून म्हनली.

ठोके घरापर्यंत मागं आले. रूथ पळाली न्हाई. पानी सांडलं असतं.