सगुणाबाईंची घरपट्टी

डोंबिवलीच्या पूर्वेला, कारखान्यांच्या पलीकडे असलेलं कोनवली गाव शहरात घेतलं गेलं, तेव्हा गावदेवीच्या देवळात जमून सगळ्यांनी ठरवलं, घरपट्टी भरायची नाही. आम्ही शहर मागितलंच नव्हतं, मग पैसे कसले? ठराव मांडणारा भिवा हा सगुणाबाईंचा धाकटा दीर. नवरा गेल्यावर त्यानेच उभं राहून सगुणाबाईंना शेताच्या तुकड्यावर चाळ बांधून दिली होती. त्याच्या शब्दाला गावात वजन होतं, आणि वहिनीच्या घरात तर जास्तच.

पट्टी भरायची नव्हती, पण मागण्यात कोणी मागे नव्हतं. प्रत्येक निवडणुकीत कोनवलीने काहीतरी पदरात पाडून घेतलं. वेशीवर दगडी कमान झाली, देवळापुढे संगमरवरी व्यासपीठ झालं, तलावाकाठी रंग बदलणारे दिवे लागले. मतं हवी असणाऱ्यांनी दिलं, गावाने नारळ फोडून घेतलं. हे सगळं कुठल्या पैशातून होतंय, असं कुणी विचारलं नाही. सगुणाबाईंनीही नाही.

मग एका उन्हाळ्यात नळाची धार करंगळीएवढी झाली. नवी पाइपलाइन मंजूर होती, पाइप येऊन रस्त्याकडेला पडलेही होते. त्यांत कुत्रीने पिल्लं घातली, पण खणायला कोणी आलं नाही. चाळीतली भाडेकरीण प्राची, ओली बाळंतीण, टँकरच्या रांगेत चक्कर येऊन पडली. तिला घरी आणून निजवलं आणि सगुणाबाई तशाच वॉर्ड ऑफिसात गेल्या, भांडायच्या तयारीनेच.

तिथल्या तरुण इंजिनीअर बाईंनी त्यांना आधी खुर्ची दिली.

"मावशी, खोटं नाही सांगत. ठेकेदाराची बिलं थकली म्हणून तो काम सोडून गेला. होते त्यातले बरेच पैसे कमानी आणि दिव्यांत गेले, आणि तुमच्या गावातून पट्टी जवळजवळ येतच नाही. पाइप कशातून टाकू, तुम्हीच सांगा."

परतताना रिक्षात बसल्यावर सगुणाबाईंना आठवलं, कमानीच्या उद्घाटनाला पुढाऱ्याला ओवाळायला ताट घेऊन आपणच पुढे उभ्या होतो. भांडण पोटातच विरलं आणि तिथे लाज येऊन बसली.

चाळीची थकलेली पट्टी भरायची तर लेक भावनाच्या लग्नासाठी ठेवलेल्या पाटल्या मोडाव्या लागणार होत्या. त्यांनी तिला सगळं सांगितलं. भावनाने कपाट उघडलं आणि डबी आईच्या हातात दिली. "पाटल्या काय, पुढे होतील," एवढंच म्हणाली.

पट्टी भरून सगुणाबाई घरी पोचायच्या आत बातमी गावात पोचली. भिवा आला, पण उंबऱ्याच्या आत आला नाही.

"वैनी, गावाचं नाक कापलंस तू. कनाला भरलीस?"

"पानी पायजे म्हनून."

"मग आमी लढतोय ते काय?"

"लढा ना, भावजी. पन कमान घेताना कुठं लढलो आपन? तवा हात पुढं केला."

भिवा पाठ फिरवून चालायला लागला.

त्याचा राग काय असतो ते भावनाच्या हळदीला दिसलं. कोनवलीत हळद म्हणजे अख्खं गाव मांडवात. त्या संध्याकाळी मात्र मांडवात चाळीतले भाडेकरू तेवढे, ठेवणीतले कपडे घालून अवघडून बसलेले. भावना पाटावर मान खाली घालून होती. तेवढ्यात लग्नाचे धवले गाणारी म्हातारी जाईबाई काठी टेकत आली.

"जाई, भावजी रागावतील तुझ्यावर," सगुणाबाई म्हणाल्या.

"रागावू दे. पोरीची हलद हाय, ठराव नाय," जाईबाईने उत्तर दिलं आणि बसतानाच गाणं धरलं. तिचा आवाज आळीत गेला तशी दारं उघडायला लागली. सगळ्या नाही, पण बऱ्याच बायका आल्या. भिवाची सूनही आली. भिवा लग्नाला आला, अक्षता टाकल्या आणि न जेवता गेला.

पावसाळा सरता सरता निवडणूक लागली. व्यासपीठावरून उमेदवार म्हणाला, "निवडून द्या, कोनवलीची पट्टी कायमची माफ! वर हळदीसाठी एसी हॉल!" टाळ्या पडल्या. सगुणाबाई बायकांमधून उठल्या.

"साहेब, हॉलात पाहुने आले तर त्यांना पानी कुठलं देऊ? आनि पट्टी माफ केलीत, तर हॉल कुनाच्या पैशाचा?"

"सरकार देईल, मावशी."

"सरकारला कोन देतं?"

उमेदवार हसला आणि मदतीसाठी भिवाकडे पाहू लागला. भिवा उठला. "ठराव पितात का?" असं सुनेने त्याला घरात रोज ऐकवलं होतं, हे नंतर कळलं.

"हॉल राहू दे," तो म्हणाला. "आधी पाइप. आमी पट्टी भरू, पन ती गावच्या पान्यात जाताना दिसली पायजे. त्यावर बोला."

उमेदवाराने घाईघाईने भाषण आवरलं. भिवा मात्र दोनच दिवसांनी, "चल वैनी," म्हणत आळीतल्या माणसांसह वॉर्ड ऑफिसात गेला. सगळ्यांनी पट्टी भरली असं नाही. काही जण अजून कुंपणावर आहेत. पण ठेकेदार परत आला, खालच्या आळीत चांगल्या जोराचं पाणी सुरू झालं आणि वरच्या आळीचं खणकाम चालू आहे.

भिवा रोज सकाळी छत्री घेऊन त्या चराशी उभा असतो. पाइप किती खोल टाकलाय, सांधा नीट बसला का, विचारत राहतो. परवा मुकादम वैतागला. "काका, तुम्हाला काय करायचंय?"

"माजे पैशे हायत त्यात," भिवा म्हणाला, आणि चराच्या कडेशी येऊन बघायला त्याने सगुणाबाईंना हाक मारली.