हातात न दिलेला चाकू

आमची बटालियन तेव्हा पीस स्टेशनला होती. सकाळी साडेपाचला पीटी, आठला परेड, दुपारी स्टोअरची साफसफाई, संध्याकाळी खेळ. बॉर्डर नाही, गोळी नाही. फौजेत याला आरामाची नोकरी म्हणतात. मी लान्स नाईक होतो आणि आमच्या सेक्शनचा टू-आयसी, म्हणजे कमांडरच्या खालोखालचा माणूस, होता नाईक मिलिंद साळवे. मी खुलताबादजवळचा, तो वेरूळजवळच्या एका वाडीतला. फौजेत आपल्या मुलखातल्या माणसाला ग्राई म्हणतात. मिलिंद माझा ग्राई होता.

आता मी हवालदार म्हणून निवृत्त होऊन गारखेड्यात राहतो. कॉलनीत मला 'चाकूवाले फौजी' म्हणतात. माझ्याकडे घडीचे चौतीस चाकू आहेत. त्यातला एक रोज खिशात असतो, पट्ट्याला दोरीने बांधलेला. माजी सैनिकांच्या स्मरणिकेसाठी 'माझा छंद' या विषयावर दोन पानं लिहा, असा यंदा निरोप आला. दोनदा लिहायला बसलो आणि दोनदा कागद फाडला. छंद म्हणण्यासारखं यात काही नाही. जे आहे ते सरळ लिहितो. छापायचं तर छापा.

या चौतिसांत एक फौजेचा क्लास्प नाइफ आहे, जाड पात्याचा, मागे डबा फोडायची चोच असलेला. एक रामपुरी आहे. एक केरळच्या एका साथीदाराने सुट्टीवरून येताना आणलेला, त्याच्या गावाकडे सुपारी कातरायला तो वापरतात. बाकीचे कुठल्या ना कुठल्या आठवडी बाजारातून घेतलेले. खुलताबादच्या बाजारातून घेतलेले सहा आहेत, म्हशीच्या शिंगाच्या मुठीचे. हे सहा मी एकाच चाकूच्या शोधात घेतले. तसा दिसला की घेतो, घरी आणून उघडतो आणि तो नसतो. तो असणार नाही हे मला ठाऊक आहे, कारण तो मीच पाण्यात घालवला.

माझी बायको मंदा म्हणते, "अवो, माणसं रिटायर झाली की बाग करतात. तुमचं हे काय?" तिचं चूक नाही. मॉलमध्ये, कोर्टात, कलेक्टर ऑफिसात गेलो की मशीन वाजतं आणि मी बाजूला. तिथला गार्डही बहुतेक वेळा माजी सैनिकच असतो. तो सलाम ठोकतो आणि म्हणतो, "साहेब, तेवढं इथं काढून ठेवा." मी दोरी सोडतो आणि चाकू मूठ पुढे करून त्याच्या हातात देतो. बहुतेक जण ट्रे पुढे करतात. मी हातातच देतो. परत येईपर्यंत खिसा रिकामा वाटत राहतो आणि कामात लक्ष लागत नाही. याचा मला कंटाळा आला आहे, पण चाकू घरी ठेवूनही बाहेर पडवत नाही.

आमच्या घरी चाकू, कात्री कुणाच्या हातात देत नसत. खाली ठेवायची, समोरच्याने उचलायची. हातात दिली की त्या दोघांत भांडण लागतं, असं आई म्हणायची. भरतीला निघालो तेव्हा वडिलांनी खुलताबादच्या बाजारातून मला एक घडीचा चाकू आणला. तोही त्यांनी ओट्यावर ठेवला आणि म्हणाले, "उचल." मी उचलला. ट्रेनिंग सेंटरपासून तो माझ्या खिशात होता. त्याची शिंगाची मूठ एका बाजूने थोडी भाजलेली होती, काळी पडलेली.

दुपारच्या जेवणानंतर मिलिंद कांदा, काकडी किंवा पेरू घेऊन माझ्या चारपाईवर येऊन बसायचा. त्याचा इश्यूचा, म्हणजे फौजेकडून सेक्शनमागे एखादाच मिळणारा, क्लास्प नाइफ बोथट होता आणि त्याला धार लावायचा आळस. मग हात पुढे करायचा.

"सोपान्या, हातात दे!"

मी चाकू उघडून चादरीवर ठेवायचो.

"अरे, हातात दे की. कुठं लिहून ठिवलंय हे?"

"आईनं सांगितलंय."

"मंग माझ्या आईनं नाय सांगितलं. आमच्या घरी बाबासाहेबांचा फोटू हाय, तिथं असलं काय चालत नाय."

"आपलं भांडण झालंय का कधी?"

"नाय."

"मग? खाली ठेवतो म्हणून नाही झालं."

तो हसायचा, चाकू चादरीवरून उचलायचा आणि कांदा कापायचा. सहा वर्षं हे असंच चाललं. त्याने हात पुढे करायचं सोडलं नाही आणि मी खाली ठेवायचं सोडलं नाही. सेक्शनमधली बाकीची पोरं आम्हाला हसायची. आम्हालाही ती गंमतच वाटायची.

मग पुराचा हुकूम आला. शेजारच्या जिल्ह्यात धरणातून पाणी सोडलं होतं आणि नदीकाठची गावं पाण्याखाली गेली होती. सिव्हिल प्रशासनाने फौज मागितली. पहाटे चारला आमच्या गाड्यांचा कॉलम निघाला, सातला नदीवर पोहोचला. आमच्या कंपनीकडे चार बोटी होत्या. बोट नंबर थ्रीवर मिलिंद कमांडर, मी मोटर चालवायला, एक शिपाई पुढे बांबू घेऊन. बोट नंबर टूच्या लोकांकडे दोरखंड कापायला काही नव्हतं म्हणून निघतानाच मिलिंदने त्याचा क्लास्प नाइफ त्यांना दिला. मला म्हणाला, "आपल्यापाशी तुझा हाय."

साडेअकरापर्यंत आम्ही तीन फेऱ्या केल्या. छपरांवरून माणसं उतरवायची, टेकडीवरच्या शाळेपाशी सोडायची, परत जायचं. चौथ्या फेरीत बोटीत सात गावकरी होते. दोन म्हाताऱ्या, तीन बायका, दोन पुरुष. अकरा चाळीसला मोटर गचके देऊन बंद पडली. पाण्याखाली कुणाच्या तरी शेताचं तारेचं कुंपण होतं आणि त्यात अडकलेली नायलॉनची दोरी आमच्या मोटरच्या पंख्यात गुंडाळली गेली होती. दोरीचं दुसरं टोक खाली कुंपणाला घट्ट. बोट प्रवाहात आडवी व्हायला लागली. आडवी झालेली बोट उलटते, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलेलं असतं.

मिलिंद म्हणाला, "मी उतरतो. तू बोट सरळ ठेव."

लाइफ जॅकेट घालून तो मागच्या बाजूने पाण्यात उतरला. एका हाताने बोटीचा काठ धरला आणि दुसऱ्या हाताने दोरीचे फेरे सोडवायला लागला. मी वल्हं मारून बोट सरळ ठेवत होतो. दोन फेरे सुटले. बोट हलली, दोरी ढिली पडली आणि लगेच पुन्हा ताणली गेली. या वेळी ती मिलिंदच्या पायात होती. तो हनुवटीपर्यंत खाली गेला. दोरीने त्याला खाली ओढलं होतं आणि जॅकेट वर ओढत होतं. त्याने काठ सोडला नाही. उजवा हात पाण्याबाहेर काढून त्याने पंजा उघडला आणि ओरडला,

"सोपान्या, हातात दे!"

मी वल्हं टाकलं, खिशातून चाकू काढला, उघडला आणि बोटीच्या काठावर ठेवला. त्याच्या हातापासून वीतभर अंतरावर.

यात मी विचार केला नव्हता. मला भांडणाची भीती वाटली नव्हती, आईही आठवली नव्हती. हाताला सवय होती, हाताने केलं. काठ ओला होता आणि बोट हलत होती. चाकू घसरला. मिलिंदने त्याला धरायला हात मारला, तो बोटांना लागून पाण्यात गेला. मिलिंदने माझ्याकडे पाहिलं. मग बोट पुन्हा वळली आणि त्याचं डोकं पाण्याखाली गेलं.

पुढच्या शिपायाने वॉकीटॉकी उचलला.

"टू, थ्री बोल रहा हूँ. मोटर बंद. एक जवान पानी में, रस्सी में फँसा है. जल्दी आओ. ओव्हर."

"थ्री, दस मिनिट लगेंगे. ओव्हर."

"दस मिनिट नहीं है. ओव्हर."

मी पाण्यात उतरलो. दोन्ही हातांनी दोरी ओढली. ताणलेली नायलॉनची दोरी हाताने तुटत नाही, दातानेही तुटत नाही. मी दोन्ही करून पाहिलं. बोटीतल्या बायका आपली गाठोडी सोडून काही पातं सापडतंय का बघत होत्या. सापडलं नाही. बोट नंबर टू दहा मिनिटांच्या आत आली, अकरा एक्कावन्नला. त्यांनी मिलिंदच्याच क्लास्प नाइफने दोरी कापली. तो बोथट होता, वेळ लागला. किनाऱ्यावर मेडिकल ऑफिसरने बराच वेळ प्रयत्न केला. सातही गावकरी सुखरूप उतरले.

चार दिवसांनी कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. मेजर साहेबांनी विचारलं, "चाकू पानी में कैसे गया?"

"सर, गीला था. फिसल गया."

"साळवे ने कुछ कहा था?"

"नहीं सर. टाइम नहीं था."

पहिलं उत्तर अर्धं खरं होतं आणि दुसरं साफ खोटं. तो 'हातात दे' म्हणाला होता असं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता की मग हातात का नाही दिला. त्या प्रश्नाचं उत्तर मला वर्दीतल्या माणसासमोर देता येत नव्हतं. मला लाज वाटत होती. आजही वाटते. रिपोर्टमध्ये अपघात असं लिहिलं गेलं आणि ते कुणी चूक म्हणणार नाही.

मिलिंदची बायको सुनीता. मी तिला वहिनी म्हणतो. पुढे ती शहरात आली, एका शाळेच्या ऑफिसात नोकरीला लागली. आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर राहते. दर वर्षी त्या तारखेला मी जातो. दारातून "जय भीम, वहिनी" म्हणतो, फोटोला फूल वाहतो, चहा होतो. आणि दर वर्षी निघताना ती विचारायची, "भाऊजी, शेवटाला काही बोलले का ते?"

"नाही वहिनी. वेळच नव्हता."

नऊ वर्षं तिने विचारलं, नऊ वर्षं मी हेच सांगितलं. मग तिने विचारणं सोडलं. मला वाटलं होतं, विचारायची थांबली की सुटलो. उलट झालं. ती नुसती दारापर्यंत यायची आणि "सावकाश जा" म्हणायची, ते मला जास्त जड जायचं. दोन वर्षं तशी गेली. या काळात मी सर्वांत जास्त चाकू घेतले.

यंदा तारखेची वाट पाहिली नाही. स्मरणिकेचा दुसरा कागद फाडला त्या रविवारी सकाळी अकराला तिच्याकडे गेलो. ती कपडे वाळत घालत होती. मला अवेळी पाहून म्हणाली, "काय झालं? मंदाताई बऱ्या हायेत ना?"

"बरी आहे. बसा वहिनी. एक सांगायचंय."

मी सगळं सांगितलं. चादरीवर ठेवलेला चाकू, पुढे केलेला हात, ओला काठ. इन्क्वायरीत काय बोललो तेही. कुठे थांबलो नाही, थांबलो असतो तर पुढे बोलता आलं नसतं. ती खुर्चीत ओला टॉवेल मांडीवर घेऊन बसली होती. टॉवेलचं पाणी फरशीवर पडत होतं.

ती म्हणाली, "म्हंजे बोलले व्हते."

"हो."

"आन मी नऊ वर्षं इचारलं."

"हो, वहिनी."

"घरी सुट्टीवर आले की सांगायचे मला, लई हसायचे. सोपान्या मरंल पण हातात देणार नाय म्हणायचे." तिने टॉवेल बाजूला ठेवला. "त्या चाकूचं मी बघीन नंतर. राग यायचा तवा यील, तुमच्यावर यील, मी सांगीन तुम्हाला. पण ते बोलणं माझं व्हतं, भाऊजी. ते तुम्ही का ठिवून घेतलं?"

"चुकलं," एवढंच म्हणालो. अकरा वर्षं मी तो चाकू माझ्यावरचं ओझं समजत होतो. तिची एक वस्तू माझ्याकडे पडून आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"कसं म्हणले?" तिने विचारलं. "त्यांच्यावाणी म्हणून दाखवा."

"वहिनी, नको."

"दाखवा."

मी उभा राहिलो. "सोपान्या, हातात दे," म्हणालो.

तिने डोळे मिटले होते. मान हलवली. "असं नाय. ते 'दे' लांबवायचे. परत म्हणा."

खरं होतं. नाईक मिलिंद साळवे 'दे' लांबवायचा.

मी परत म्हणालो.