पाळीवरच्या पळसकाड्या

दुधरामचा भरवसा म्हणून कोणावर नव्हता. सासुरवाडीचे लाडू आले की पहिला लाडू कावळ्याला घालायचा, आणि तो धड उडून गेला की मगच दुसऱ्याला तोंड लावायचा. बाजारातून बैल आणला, तर घरी येऊन पुन्हा त्याचे दात बघायचा. वाटेत कोणी बदललेत की काय!

असल्या माणसाला आपली चार वर्षांची प्रेमिला धुरपताबाईच्या हवाली करावी लागली, कारण भाताची रोवणी लागली होती आणि बायको दिवसभर शेतातल्या बांधीत. धुरपताबाई म्हणजे तलाव बांधणाऱ्या कोहळी जातीतली एकटी म्हातारी. गावची दहा-बारा पोरं ती तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, मोहाच्या झाडाखाली सांभाळायची. रोज एकेका पोराची आई सगळ्यांपुरती पेज आणून द्यायची.

प्रेमिला घरी यायची ती कोपरापर्यंत माखून. काय केलं विचारलं, तर म्हणायची, चिखल तुडवला. झालं! म्हातारी पोरांकडून आपली भिंत लिंपून घेते, असं दुधरामनं धरलं. मुद्दाम तिच्या घरावरून फेरी मारली. भिंत तर तशीच पोपडे धरलेली. मग चिखल जातो कुठं? त्याला जेवण गोड लागेना.

तलावाचं पाणी सोडायचं काम त्याच्याचकडे. एका दुपारी पोरं पेज पीत होती, तेव्हा तो पाळीवर चढला. पाण्याकडच्या उतारावर पळसाच्या पंधरा काड्या रोवलेल्या. करणी म्हणावी, की पाळ पोखरायचा डाव? त्यानं सगळ्या उपटल्या आणि मोहाखाली जाऊन उभा राहिला.

"धुरपताकाकी, लेकरायकडून पाळ कोरून घेऊन राहिली का? आज पंचायले सांगतो. हे दुकान बंद."

म्हातारीनं त्याच्या मुठीतल्या काड्या पाहिल्या.

"सकाळपासून लेकरायनं खेकड्याची बिळं हुडकली, त्याच्या खुणा होत्या त्या. आता चिखल भरणार होतो. काऊन उपटल्या बापा? पाळीखाली जाऊन पाह्य."

तो शेताकडच्या बाजूनं खाली उतरला. दोन जागी पाणी पाझरत होतं.

वर येऊन तो बिळं शोधू लागला, तर एक सापडेना. वीस वर्षं त्याच पाळीवरून ताठ मानेनं चालला होता. पोरं मात्र गुडघ्यावर बसून सरकत होती.

"बाबा, पाय नोको देऊ," प्रेमिला म्हणाली. "मातीच्या गोळ्या पाह्य. खेकड्यानं आताच बाहेर टाकल्या."

गोळ्यांमागं बीळ होतं. दुधरामचा हात कोपरापर्यंत आत गेला.

पंचांकडे जायचं राहिलंच. संध्याकाळपर्यंत पंधराच्या पंधरा बिळं बुजली. दुसऱ्या दिवशी तो स्वतः वारुळाच्या मातीची टोपली घेऊन मोहाखाली हजर. रात्रीतून पडलेलं एक नवं बीळ चांगलं ठोकून बुजवलं आणि उठला.

प्रेमिला तिथंच बसली. तिनं त्या चिखलात बोट खुपसलं. ते आरपार गेलं.

"बाबा, कच्चं हाय. पुन्हा भर."

दुधराम परत खाली बसला. लेक आपल्यावरच गेली म्हणून आतून असा खुश झाला, की मागून धुरपताबाई हसतेय, याचाही त्याला संशय आला नाही.